गाडी चकचकीत आहे, पण मागची चाकं बघा

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार,

मी मूळचा डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात कव्हेंट्रीला नोकरी करतो. बायको इथल्याच एका हॉस्पिटलात आहे, मुलगी साडेचार वर्षांची. घरात एक हायब्रिड गाडी आहे, रोजचं सगळं तिच्यावर भागतं.

गेल्या महिन्यात जवळच्याच एका गावात विकायला काढलेली प्यूजो ३०६ जीटीआय-६ बघून आलो आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. १९९८ ची, निळी, तीन दारांची, ६१,४०० मैल झालेली. सध्याचे मालक वयस्कर आहेत, गाडी त्यांच्याकडे २००४ पासून. गॅरेजमध्ये मऊ कव्हर घालून ठेवतात. रंग असा की तोंड दिसावं. सीटवर डाग नाही. टायरची नक्षी नव्यासारखी. टायमिंग बेल्ट २०१२ मध्ये बदलल्याची पावती त्यांनी आपणहून दाखवली. सायलेन्सर तेवढा बाहेरचा, जरा मोठ्या आवाजाचा बसवलाय. सरकारी संकेतस्थळावर एमओटीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदी पाहिल्या तर २०१३ ते २०१९ काहीच नाही. विचारल्यावर म्हणाले, तेव्हा गाडी उभीच होती, म्हणून तर एवढी छान राहिली. मागून पाहिलं की मागची चाकं वरच्या बाजूला किंचित आत कललेली वाटतात, पण स्पोर्टी गाडी, तशीच असतील. मागतायत ७,२०० पौंड.

माझ्या वडिलांकडे प्यूजो ३०९ होती, आपल्या कल्याणला बनलेली. त्यामुळे बोनेटवरचा तो सिंह दिसला की मला काहीतरी होतं. माझे प्रश्न तीन. किंमत रास्त आहे का? पुढे वाढेल का, म्हणजे याला गुंतवणूक म्हणता येईल का? आणि दोन-तीन वर्षांत पुण्याला परत जायचा विचार आहे, तेव्हा गाडी बरोबर नेता येईल का?

बायकोला मी किंमत पाच हजार सांगितली आहे.

— कव्हेंट्रीचा एक वाचक

उत्तर:

तुमच्या पत्रातच या गाडीचं निम्म्याहून अधिक निदान आहे, फक्त तुम्ही ते कौतुकाच्या सुरात लिहिलंय. म्हणून निकाल आधी सांगतो. गाडी घ्या, पण ७,२०० ला घेऊ नका, आणि पॉलिशसाठी एक पौंडही मोजू नका.

सुरुवात मागच्या चाकांपासून करू. ३०६ च्या मागच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना एकेक आर्म असतो. तो आडव्या नळीसारख्या बीममध्ये सुईएवढ्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर हलतो. स्प्रिंगचं काम टॉर्शन बार करतात, म्हणजे पीळ खाऊन परत सरळ होणाऱ्या पोलादी सळ्या. रचना हुशारीची आहे, डिकीत जागा भरपूर सोडते. धाकट्या २०५ लाही हीच होती. दुखणंही त्या दोघींचं एकच: सील कोरडं पडलं की पाणी आत शिरतं, बेअरिंगला गंज धरतो, रोलर झिजतात, आर्म सैल होतो आणि चाक वरून आत कलतं. आधी गतिरोधकावरून जाताना मागून करकर ऐकू येते. मग टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो. तरी दुर्लक्ष केलं तर आर्मचा दांडा आणि बीम दोन्ही कामातून जातात. लवकर पकडलं तर बेअरिंग आणि सीलवर भागतं, उशीर झाला तर अख्खा बीम बदलावा लागतो. कारखान्यातून येताना मागच्या चाकांना थोडा कल असतो हे खरं, पण मागे उभ्या राहिलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसावा इतका तो नसतो. तुम्हाला दिसला, याचा अर्थ काम निघालेलं आहे. फक्त ते पहिल्या टप्प्यावर आहे की शेवटच्या, एवढंच बघायचं.

ते बघायला फार हत्यारं लागत नाहीत. गाडी मागून जॅकवर घ्या, नीट टेकू लावा, चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट लागली की बेअरिंग गेलं. दोन चाकांचा कल वेगवेगळा असेल तर एका बाजूचं जास्त गेलंय. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, बाहेरची कडा नवी आणि आतली गुळगुळीत असते. मालक सज्जन असतील तर हे सगळं करू देतील. नाही करू दिलं तर नमस्कार करून निघा, निळी जीटीआय-६ जगात ही एकच नाही.

आता ती पावती. २०१२ ची टायमिंग बेल्टची पावती त्यांनी अभिमानानं दाखवली आणि तुम्ही ती जमेच्या बाजूला मांडलीत. ती खर्चाच्या बाजूला मांडा. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडत-मिटत ठेवणारा हा बेल्ट रबराचा असतो आणि गाडी चालो न चालो, रबराचं वय वाढतच असतं. माझा स्वतःचा नियम या इंजिनासाठी पाच वर्षं किंवा चाळीस हजार मैल, जे आधी येईल ते. तुमच्या गाडीचा बेल्ट त्या हिशेबानं दोनदा बदलून व्हायला हवा होता. हे इंजिन दोन लिटरचं, नेमकं सांगायचं तर १,९९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं, ब्रिटनमधल्या कागदांवर १६७ अश्वशक्तीचं. ती ताकद मिळते मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांना, म्हणजे मजा घ्यायची तर इंजिन वर पळवावंच लागतं. आणि त्यात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत यांत फारसं अंतर उरत नाही.

बेल्टच्या जोडीला याच इंजिनाचं आणखी एक ठरलेलं दुखणं आहे, आणि ते जाहिरातीत कोणीच लिहीत नाही. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाची पुली दोन भागांची असते, मधे कंपनं शोषायला रबराचा थर. जुनी झाली की हा थर सुटतो, बाहेरची कडी सरकते आणि बेल्टच्या कव्हरला घासायला लागते. कव्हर फुटून तुकडा आत गेला की पुढचं वर सांगितलंच आहे. तेव्हा बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, पाण्याचा पंप (तो याच बेल्टवर फिरतो) आणि ही पुली, चारही एकाच वेळी बदलायची. मेकॅनिक म्हणाला की पुली "दिसायला बरी आहे", तर मेकॅनिक बदला. मजुरी एकदाच पडते, सुट्या भागात काटकसर करायची ही जागा नाही.

सहा वर्षं गाडी उभी होती, म्हणून छान राहिली, हे मालकांचं म्हणणं पत्र्यापुरतं खरं आहे. प्यूजोनं त्या काळात पत्र्याला जस्ताचा मुलामा चांगला दिला होता, त्यामुळे ३०६ सहसा सडत नाही. एखाद्या कोपऱ्यात गंज दिसलाच तर तिथे जुना ठोका आणि स्वस्तातलं डेंटिंग-पेंटिंग असणार. पण पत्र्याखालचं सगळं उभं राहून बिघडतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात ठेवलेला शालू नेमका घडीवरच विरतो, तसा उभ्या गाडीतला बेल्ट ज्या पुलीला ज्या जागी वळसा घालून बसला असेल तिथेच कमजोर होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन आतून गंजून अडकतात. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन चिकट राळ धरतं. इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा जातात. आणि ब्रिटिश गॅरेजांतल्या उंदरांना वायरिंगची चटक असते, ते वेगळंच.

म्हणून २०१३ आधीच्या पावत्यांपेक्षा २०१९ ची पावती मागा. गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना काय काय केलं? ब्रेक उघडले का? नळ्या बदलल्या का? टाकी रिकामी केली का? "बॅटरी टाकली आणि चालू झाली" असं उत्तर आलं तर यातलं सगळं काम तुमच्या अंगावर येणार आहे असं धरून चाला. एमओटीच्या नोंदी तुम्ही पाहिल्यात हे उत्तम केलंत. आता पुन्हा उघडा आणि फक्त पास-नापास बघू नका. प्रत्येक वर्षी परीक्षकानं खाली लिहिलेल्या सूचना वाचा: ब्रेकच्या पाइपला गंज, मागच्या आर्मच्या बेअरिंगमध्ये ढिलाई, टायरच्या कडा झिजलेल्या, तेल पाझरतंय. एकच सूचना लागोपाठ तीन वर्षं दिसली तर मालक गाडी पुसतात पण दुरुस्त करत नाहीत, हे न विचारता कळतं. शिवाय २०१९ नंतर दरवर्षी किती मैल चालली ते मोजा. दोन-तीन हजार असतील तर मला आनंद होईल. दोनशे-तीनशे असतील तर ती गाडी अजून उभीच आहे, फक्त वर्षातून एकदा परीक्षेला जाऊन येते.

टायरचंही तसंच. नक्षी नवी म्हणजे टायर नवे असं नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१२ लिहिलं असेल तर २०१२ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. कमी चाललेल्या गाडीवर असे जुने, कडक टायर हमखास सापडतात, आणि या गाडीवर ते फक्त खर्चाचा विषय नसतात. का, ते सांगतो.

३०६ चं सगळं नाव तिच्या वळणांवर उभं आहे. मागचा अख्खा अ‍ॅक्सल गाडीला रबरी बुशांवर बसवलेला असतो आणि ते बुश अशा दिशेनं दबतात की वळणाचा जोर आला की मागची चाकंही अगदी थोडी वळतात. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. त्यामुळे गाडी पुढून ओढणारी असूनही नाकाकडून जड वाटत नाही, वळणात घुसते. पण वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात तर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर येतं. जाणत्या हाताला हेच हवं असतं. आज आपल्या गाड्यांत असतं ते चाकं सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स यात नाही. रोज हायब्रिड चालवणाऱ्या माणसानं नोव्हेंबरच्या पावसात, कव्हेंट्रीच्या रिंग रोडच्या चढ-उतार फाट्यांवर, बारा वर्षं जुन्या टायरवर ही गाडी पहिल्यांदा जोरात चालवू नये. चार चांगले टायर पहिल्या दिवशी टाका, आणि एकदा पैसे भरून मोकळ्या ट्रॅकवर कोणा शिकवणाऱ्याबरोबर अर्धा दिवस काढा. सहा गिअर जवळजवळ ठेवलेले आहेत, नावातला सहा त्यांचाच. टेस्ट ड्राइव्हमध्ये इंजिन गार असताना दुसऱ्या गिअरमध्ये टाकून बघा, करकरला तर गिअर जुळवणारे सिंक्रो गेलेत.

आणि हो, तुम्ही पोचायच्या आधी मालकांनी गाडी चालू करून ठेवू नये, असं फोनवर आधीच सांगा. गार इंजिन कसं उठतं, किती धूर येतो, किती वेळ टकटकतं, हे फक्त पहिल्या मिनिटात कळतं. बोनेटला हात लावून बघायला लाजू नका.

वडिलांच्या ३०९ बद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या मते पत्राचं कारण तीच आहे. म्हणून थोडं विषयांतर. तुम्ही राहता त्या कव्हेंट्रीच्या वेशीवर रायटनला प्यूजोचा कारखाना होता. ब्रिटनमध्ये ३०९ बनायला सुरुवात झाली ती तिथे, १९८५ मध्ये. ३०६ ही त्याच कारखान्यात बनत असे. २००६ च्या अखेरीस तो बंद झाला. आणि तीच ३०९, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, प्रीमियरबरोबरच्या भागीदारीत आपल्या कल्याणला बनू लागली, एक पूर्णांक चार लिटरचं पेट्रोल किंवा दीड लिटरचं डिझेल इंजिन घेऊन. डोंबिवलीच्या रस्त्यांवर पद्मिनी आणि मारुतीच्या गर्दीत ती केवढी युरोपीय वाटायची, हे त्या पिढीला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या घरची जुनी गाडी आणि तुमचं आत्ताचं गाव यांचं नातं तुम्ही समजता त्यापेक्षा जवळचं आहे. ते मनात ठेवा, किंमत ठरवताना खिशात ठेवा. "वडिलांकडे प्यूजो होती" हे वाक्य मालकांसमोर उच्चारलंत तर किंमत तिथेच गोठेल.

या गाडीची वेळही गमतीची आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात २०५ जीटीआय आणि गोल्फ जीटीआय यांनी तरुणांना वेड लावलं होतं. मग चोऱ्या इतक्या वाढल्या, चोरलेल्या गाड्या रस्त्यावर उडवण्याचे प्रकार इतके झाले की १९९२ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आणि बऱ्याच कंपन्यांनी अशा गाड्या गुंडाळल्या किंवा मऊ केल्या. त्या पडत्या काळात, १९९६ मध्ये, प्यूजोनं ही सहा गिअरची गाडी आणली. घेणारे कमी होते, म्हणून आज चांगल्या अवस्थेतल्या कमी आहेत. खपल्या त्यांतल्या बऱ्याच पुढे स्वस्त झाल्यावर पोरांच्या हाती पडून भिंतींना लागल्या, किंवा त्यांची इंजिनं काढून २०५ मध्ये बसवली गेली.

हे सांगितल्यावर तुम्ही लगेच म्हणाल, मग गुंतवणूक झालीच की! नाही. संग्राहक ज्या ३०६ साठी भांडतात ती रॅली, याच इंजिनाची पण सजावट आणि सोयी कमी केलेली, ब्रिटनमध्ये पाचशेच विकलेली. जीटीआय-६ चे भावही चढले आहेत, पण तुमच्या खर्चापेक्षा वेगानं चढतील असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कंपनीनं खास या मॉडेलचे बरेच भाग बनवणं थांबवलंय, वापरलेले भाग शोधत बसावं लागतं. साधा रोड टॅक्स घ्या. मार्च २००१ आधीच्या गाड्यांना तो इंजिनाच्या आकारावर असतो आणि दोन लिटरला वर्षाला साडेतीनशे पौंडांच्या वर जातो. चाळीस वर्षांची झाल्यावर मिळणारी टॅक्समाफी हिला मिळायला अजून बराच अवकाश आहे. पेट्रोल पंपावरचं साधं ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, हिला चालत नाही, प्यूजोची त्याला मान्यता २००० पासूनच्या गाड्यांनाच आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी महागडं ई-५ सुपर भरायचं. बर्मिंगहॅमच्या मध्यात गेलात तर स्वच्छ हवेच्या पट्ट्यात दिवसाला आठ पौंड, लंडनमध्ये साडेबारा, कारण ही गाडी युरो-४ या धुराच्या मानकाच्या कितीतरी आधीची. तुम्हाला रोजची गाडी वेगळी आहे, म्हणूनच मी "घ्या" म्हणतोय. एकच गाडी असती तर "नका" म्हटलं असतं.

मुलीच्या सीटचं पाहून घ्या. मुलांची सीट थेट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक यात नाहीत, पट्ट्यानं बांधायची सीट लागेल, आणि तीन दारांच्या गाडीत साडेचार वर्षांच्या पोरीला मागे बसवताना कंबर वाकवावी लागेल ती तुमचीच.

विमा साधा घेऊ नका. जुन्या गाड्यांचा, किंमत आधी ठरवून घेतलेला, मर्यादित मैलांचा विमा मिळतो, त्यासाठी घरात दुसरी गाडी असावी लागते आणि ती तुमच्याकडे आहे. साध्या विम्यात अपघातानंतर कंपनी म्हणेल, पंचवीस वर्षांहून जुनी हॅचबॅक, घ्या हे थोडे पैसे. तो बाहेरचा सायलेन्सर मात्र विमा कंपनीला आधी कळवायचा. लपवलात तर दाव्याच्या वेळी तोच दाखवतील. मूळ सायलेन्सर माळ्यावर पडलाय का तेही विचारा. असेल तर सौद्यातच मागून घ्या.

पुण्याला नेण्याचा विचार मात्र आजच सोडा. भारतात परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, हा सरळ नियम आहे. १९९८ ची गाडी त्यात बसण्याचा प्रश्नच येत नाही, आणि कोणी एजंट "बघतो, करून देतो" म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. परत जाताना ती इथेच विकायची आहे असं धरूनच घ्या. त्याचा एक फायदा आहे: तुम्ही केलेल्या प्रत्येक कामाची पावती जपून ठेवाल, आणि पुढच्या माणसाला हवी असते ती हीच फाइल.

आता पाच हजारांचं. बेल्ट-पंप-पुली, मागचा अ‍ॅक्सल, चार टायर आणि ब्रेकचं काम, सगळं मिळून दीड हजार पौंड तरी बाजूला काढावे लागतील, अ‍ॅक्सल शेवटच्या टप्प्यावर निघाला तर जास्त. ७,२०० ला घेतलीत तर गाडी पावणेनऊ हजारांच्या घरात जाते, आणि घरी तुम्ही पाच सांगून बसलात. पावत्या घरी येणार, गॅरेजवाल्याचा फोन घरी येणार. ते कळायच्या आधी तुम्हीच सांगा, आणि गाडी दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा पत्नीला बरोबर न्या. त्यांना चालवूही द्या. गाडी बघायला गेलेल्या जोडप्यांत न भाळलेला माणूस नेमका ऐकतो, मालक कुठल्या प्रश्नाला उत्तर टाळतात ते. आणि त्यांना चालवायला आवडली तर तुमचे निम्मे वाद तिथेच मिटतील. नाही आवडली, आणि त्या पैशांत खिडक्या बदलायच्या म्हणाल्या, तर ते म्हणणंही तुम्ही पूर्ण ऐकायचं.

बोलणी अशी करा. रंगाची, सीटची, कव्हरची मनापासून स्तुती करा, माणसानं वीस वर्षं सांभाळलीय. मग बेल्टची तारीख, चाकांचा कल आणि टायरचे आकडे त्यांच्यासमोर कागदावर मांडा. ५,४०० पासून सुरू करा आणि ६,००० च्या वर जाऊ नका. चाकांतली ढिलाई जास्त निघाली तर आणखी पाचशे उतरवा. ते नाही म्हणाले तर फोन नंबर ठेवून या. अशा गाडीला गिऱ्हाइकं येतात, पण जॅक लावून बघणारा प्रत्येक जण हेच बोलणार आहे.

सौदा ठरला तर पैसे देण्याआधी गाडीवर कर्ज, चोरी किंवा मोडीत काढल्याची नोंद आहे का ते पैसे भरून तपासा. जुन्या अपघातात विमा कंपनीनं गाडी मोडीत काढली असेल तर नोंदीत सी किंवा डी असा वर्ग दिसेल, २०१७ नंतरचा असेल तर एस किंवा एन. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव असलेला माणूस म्हणजे कायदेशीर मालक असं नसतं, त्या कागदावरच तसं छापलेलं असतं. म्हणून त्यांच्या खरेदीची २००४ ची पावती मागा, लॉगबुकवरचा चासिस नंबर गाडीवरच्याशी ताडा, आणि पैसे बँकेतून द्या. त्यांचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. तुमचा टॅक्स आणि विमा दोन्ही फोनवर तिथेच, त्यांच्या अंगणात उभं राहून भरा, आणि मगच किल्ली फिरवा. घरी येताना पाच हजार फेऱ्यांच्या वर जाऊ नका. बेल्ट अजून २०१२ चाच आहे.